पाण्याची कांच

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या घरीं एक अगदीं क्षुल्लक प्रसंग घडला. सणाला पाहुणे यावयाचे म्हणून धाकट्या सूनबाईंनीं चार काकड्या आणवून ठेवल्या होत्या. फ्रीजमध्यें जागा नव्हती. तेव्हां त्यांनीं त्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यांत सारल्या आणि गडबडींत विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशीं काकड्या बाहेर आल्या त्या लांकडासारख्या कडक. आणि तासाभरानें पाहावें तों त्यांचें सारें पाणी ताटांत उतरलेलें व हातीं नुसता लिबलिबीत गर! कोशिंबीर राहिली ती राहिलीच. पण गंमत अशी कीं, त्याच कप्प्यांत बाजारांतून आणलेला मटारही होता, आणि तो उसळीला घातला तेव्हां दाणान् दाणा टपोरा निघाला. आमच्या नातीनें लगेच विचारलें, "आजोबा, थंडी दोघांनाही सारखीच होती ना? मग काकडीच कां रडली?"

आम्हांस उत्तर सुचेना. सुदैवानें पंक्तीला आमचा भाचा होता. तो पुण्यांतील एका महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचें संशोधन करतो. तो म्हणाला, "थंडी सारखी, पण घाई निराळी. मटार कारखान्यांत झपाट्यानें गोठवितात. काकडी इथें रात्रभर सावकाश गोठली. मामा, माझीं गेलीं दोन वर्षें याच एका फरकावर खर्चीं पडलीं आहेत. एकदां प्रयोगशाळेंत येऊन पाहा." त्याप्रमाणें आम्ही गेलों; आणि जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवण्याजोगें वाटलें.

पाणी गोठतें म्हणजे काय होतें, हें आधीं पाहूं. द्रवस्थितींत पाण्याचे रेणू एकमेकांवर रेलत, सारखे जागा बदलत असतात. थंडी वाढली कीं त्यांतले कांहीं एका ठराविक नक्षींत उभे राहतात, शेजारच्यांस त्या नक्षींत ओढून घेतात, आणि बर्फाचा स्फटिक वाढूं लागतो. ही नक्षी ऐसपैस असते. म्हणून बर्फ पाण्याहून सुमारें नऊ टक्के अधिक जागा व्यापतो. शिवाय हा स्फटिक मोठा सोवळा! तो शुद्ध पाण्याखेरीज कोणास पंक्तीला घेत नाहीं. मीठ, साखर, प्रथिनें या सर्वांना तो बाहेर ढकलतो, आणि उरलेल्या पाण्यांत क्षार दाटत जातात. पेशीला असा दुहेरी मार बसतो : स्फटिकाच्या टोंकांची टोंचणी आणि भोंवतालचा वाढता खारटपणा. सावकाश गोठविलें तर स्फटिक थोडे पण मोठे होतात; झपाट्यानें गोठविलें तर पुष्कळ पण बारीक. आणि याहूनही वेग वाढविला, इतका कीं रेणूंना नक्षींत उभें राहण्यास सवडच मिळाली नाहीं, तर? तर ते जसे अस्ताव्यस्त होते तसेच जागच्या जागीं थिजतात. स्फटिक होतच नाहीं. जें होतें तिला शास्त्रज्ञ कांच म्हणतात.

आमच्या भगिनींना ही गोष्ट स्वयंपाकघरांतूनच ठाऊक आहे. संक्रांतीचा हलवा करतांना पाक चमचा-चमचा घालतात, मंद आंचेवर दाणे बोटांनीं फिरवीत बसतात; घाई केली तर काटा येत नाहीं. तो काटा म्हणजे साखरेचा स्फटिकच. उलट साखरेच्या चिक्कीचा पाक कडक झाला कीं तूप लावलेल्या पाटावर ओतून लाटण्यानें भराभर पातळ करतात. तो बघतां बघतां गार होतो, आणि तुकडा उजेडाकडे धरला तर दाण्यांमधली जागा आरपार चमकते. तेथें काटा नाहीं, कणी नाहीं. ती साखरेची कांच आहे. साखर तीच, हलव्यांत तिला सवड मिळाली, चिक्कींत मिळाली नाहीं. चिक्की पातळ लाटावी लागते हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जाड वडी आंतून लवकर निवत नाहीं.

परंतु साखरेचा पाक मोठा आळशी आणि पाणी विलक्षण चपळ. निव्वळ पाण्याची कांच करावयाची तर तें सेकंदाला सुमारें एक लाख अंश इतक्या वेगानें थंड व्हावें लागतें. (या लेखांतील सर्व अंश सेल्सियसचे आहेत.) खोलींतल्या पंचवीस अंशांवरून शून्याखालीं सुमारें १४० अंशांपर्यंत पोंचलें म्हणजे धोका टळतो. हें अंतर १६५ अंशांचें. म्हणजे सर्व काम एका सेकंदाच्या सहाशेंव्या भागांत उरकलें पाहिजे. पापणी लवण्यास याच्या कित्येक पट वेळ लागतो.

प्रयोगशाळेला ही कांच कशासाठीं हवी? प्रथिनें, विषाणु वगैरे सूक्ष्म वस्तु पाहण्याचें साधन म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्याच्या नळींत हवा चालत नाहीं, सर्व निर्वात करावें लागतें. आणि निर्वातांत ओली वस्तु ठेवली कीं तिच्यांतलें पाणी उडून ती वाळवणांतल्या मिरचीसारखी सुरकुतते. म्हणून अनेक वर्षें नमुना आधींच वाळवून, त्यावर जड धातूच्या क्षाराचें पूट देऊन त्याचा बाह्य आकार पाहण्याची वहिवाट होती. ही रीत टाकाऊ नव्हे. २०२० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें भारतांतील पहिल्या करोना-रुग्णाच्या घशांतील नमुन्यावरून त्या विषाणूचीं जीं चित्रें प्रसिद्ध केलीं, तीं याच रीतीनें घेतलेलीं होतीं, आणि त्यांत त्याचे मुकुटासारखे कांटे दिसले. पण त्याच कांट्याची आंतली घडण, अणूंच्या मांडणीपर्यंत, त्या वर्षाच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतल्या टेक्सास विद्यापीठांतील मंडळींनीं प्रसिद्ध केली ती पाण्याच्या कांचेंत थिजविलेल्या नमुन्यांवरून. लस तयार करणारांना बाह्य आकार पुरत नव्हता. त्यांना ही घडण हवी होती.

ही विद्या फार जुनी नाहीं. नमुना गोठलेला ठेवला तर निर्वातांतही त्याची ओली घडण टिकते, हें टेलर आणि ग्लेसर या दोघांनीं कॅलिफोर्नियांत १९७४ सालीं दाखविलें होतें. अडचण होती ती स्फटिकांची. द्रवरूप पाण्याची कांच होणें शक्य नाहीं, असेंच त्या काळीं बहुतेक जाणते समजत. १९८० सालीं ऑस्ट्रियांत इन्सब्रुक येथें ब्रुगेलर व मायर यांनीं पाण्याची बारीक धार अतिथंड द्रवांत सोडून ती करून दाखविली. आणि पुढल्याच वर्षीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें झाक द्युबोशे व त्यांचे सहकारी मॅक्डॉवल यांनीं सूक्ष्मदर्शकांत ठेवतां येईल अशा पातळ पापुद्र्यांत ती साधली. तो पापुद्रा हळूहळू ऊब देत पाहिला, तेव्हां शून्याखालीं १४० अंशांच्या आसपास त्यांत स्फटिक उमटले; म्हणजे आधीं होती ती कांचच, अशी खूण पटली. १९८४ सालीं विषाणूंचीं अशीं चित्रें प्रसिद्ध झालीं. २०१७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक द्युबोशे यांस, योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांच्याबरोबर, मिळालें तें याच कामाबद्दल.

आमच्या भाच्याच्या बोलण्यांतून एक गोष्ट कळली ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. हें काम आरंभीं ज्या साधनानें झालें तें अगदीं साधें होतें : चिमटा धरणारा एक दांडा, तो उंचावरून सोडण्याचा खटका, आणि खालीं थंड द्रवाची वाटी. खालीं पडण्याचा वेग पृथ्वी देते. त्याबद्दल ती दाम मागत नाहीं. पुढें बाजारांत याचीं सुबक स्वयंचलित यंत्रें आलीं. त्यांत उष्णमान, दमटपणा, कागदानें टिपण्याचा वेळ हें सर्व आंकड्यांनीं ठरवितां येतें. तीं उत्तम आहेत यांत वाद नाहीं. पण त्यांची किंमत लाखांत मोजावी लागते, आणि ते लाख एक-दोन नव्हेत. लहान महाविद्यालयाच्या खर्चपत्रकांत एवढा आंकडा घालण्याचें धाडस कोण करणार?

यावर लोक म्हणतील, मोठ्या संस्थेंत जाऊन तेथील यंत्र वापरावें. भाच्यानें तेंही केलें होतें. तो ज्या प्रथिनाच्या मागें आहे तें जिवाणूच्या पेशींतून वेगळें काढावयास तीन दिवस लागतात, आणि एकदां शुद्ध झालें कीं तें कांहीं तासांतच गुठळ्या धरूं लागतें. सकाळीं सिद्ध झालेला नमुना बर्फांत ठेवून रात्रीच्या गाडीनें परगांवीं न्यावयाचा, दुसऱ्या दिवशीं आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, आणि मग गोठवावयाचा, असें त्यानें तीनदां केलें. तिन्ही वेळां सूक्ष्मदर्शकांत गुठळ्याच दिसल्या. तिसऱ्या खेपेनंतर आमची बहीण त्याला, "अरे, दुसरा कांहीं विषय घे," असें म्हणाली तें आमच्या समक्ष. विषय सोडावा किंवा यंत्र स्वतः करावें, एवढे दोनच मार्ग उरले होते.

त्यानें केलेलें यंत्र आम्हीं पाहिलें तें एका टेबलावर. हातभर उंचीच्या दोन पोलादी सळया उभ्या केलेल्या. त्यांवरून सरकणारा एक हलका ठोकळा. ठोकळ्याला खालीं तोंड करून एक बारीक टोंकाचा चिमटा अडकविलेला. ठोकळा वर धरून ठेवतो एक विद्युच्चुंबक, आणि त्याचा प्रवाह तोडतें शिवणयंत्राचें पायानें दाबावयाचें पेडल. दोन्ही हात कामांत असतात म्हणून ही योजना. खालीं थर्माकोलची पेटी, तींत द्रव नायट्रोजन. आणि नायट्रोजनांत बसविलेली तांब्याची जाड, लहानशी वाटी, तींत द्रव ईथेन. ही वाटी त्यानें तांबट आळींतल्या एका कारागिराकडून घडवून घेतली. "संध्येची पंचपात्री तर नव्हे ना?" असें त्या वृद्ध तांबटानें दोनदां विचारलें म्हणे. थर्माकोलची पेटी मात्र मासळीबाजारांतली आहे. ती त्यानें एक रात्र घरीं आणली होती, तेव्हां आमच्या बहिणीनें ती अंगणाच्या आंत येऊं दिली नाहीं.

नमुना ठेवावयाचा तो तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर. तीवर कार्बनचा एक पडदा असतो आणि त्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रें. जाळी चिमट्यांत धरून तीवर नमुन्याचा एक थेंब ठेवतात, कागदानें टिपतात, आणि पेडल दाबतात. टिपण्याचा हेतु हाच कीं छिद्रांछिद्रांत उरलेला पापुद्रा एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहून जाड नसावा. चिक्की पातळ लाटण्याचाच हा प्रकार! पण या लाटण्यांत नासाडी भयंकर. थेंबांतला हजारांत नऊशें नव्याण्णव भागांहून अधिक माल टीपकागदांत जातो. तीन दिवसांच्या मेहनतीचें प्रथिन कागद पितो, आणि शास्त्रज्ञ उरल्यासुरल्या तवंगावर समाधान मानतो.

येथें कोणीही विचारील, आम्हींही विचारलें, कीं नायट्रोजन शून्याखालीं १९६ अंशांवर आहे. मग जाळी सरळ त्यांतच कां टाकूं नये? मध्यें हें ईथेनाचें लोढणें कशाला? याचें उत्तर पुन्हां स्वयंपाकघरांतच आहे. घावनांचा तवा तापला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतों. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चुर्र होऊन जातो. पण फार तापला असेल तर तोच थेंब मोत्यासारखा गोल होऊन बराच वेळ नाचत राहतो. थेंबाखालीं वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तव्याला शिवूं देत नाहीं. लायडेनफ्रॉस्ट नांवाच्या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं याचें वर्णन केलें, म्हणून त्याच्याच नांवानें हा प्रकार ओळखतात. आतां नायट्रोजनाच्या बाजूनें पाहा : त्याला आपली खोलींतली जाळी म्हणजे तापलेला तवाच. जाळी बुडतांच तिच्याभोंवतीं नायट्रोजनाच्या वाफेचा अंगरखा तयार होतो आणि थंडी आंत पोंचावयास उशीर लागतो. ईथेन शून्याखालीं १८३ अंशांवर वितळतो व ८९ अंशांवर उकळतो. या दोहोंमध्यें ९४ अंशांचें अंतर आहे. नायट्रोजनाच्या बाबतींत हेंच अंतर अवघें १४ अंशांचें. म्हणून वितळण्याच्या जवळ असलेला ईथेन ऊब लागली तरी लगेच उकळत नाहीं. तो जाळीला घट्ट चिकटून राहतो आणि तिची उष्णता ओढून घेतो. थंडी थोडी कमी, पण पकड चांगली.

यंत्र उभें झालें म्हणजे चाललें असें नव्हे. पहिल्या महिन्यांत त्याच्या एकाही जाळीवर कांच झाली नाहीं. पहिला दोष सांपडला तो मजेदार होता. ठोकळा खालच्या रबरी अडणीवर आदळून चेंडूसारखा उसळे. जाळी ईथेनांत बुडून पुन्हां क्षणभर बाहेर येई आणि परत आंत जाई. डोळ्यांनीं हें दिसत नव्हतें. एका विद्यार्थ्यानें भ्रमणध्वनीवर मंदगति चित्रण केलें तेव्हां चोरी उघडकीस आली. रबर काढून जाड नमदा बसविला आणि ही उसळी थांबली.

दुसरा दोष अधिक छुपा. थंड द्रवाच्या पृष्ठभागावर थंड वायूचा एक थर साचून राहतो. जाळी त्यांतून जातांना द्रवाला शिवण्याआधींच अर्धवट गोठते, आणि वायूंत ती सावकाश गोठते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीस सेंटिमीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूला खालीं पोंचतांना सेकंदास सुमारें २·४ मीटर वेग येतो. थर एक सेंटिमीटर जाडीचा धरला तर तो ओलांडण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाचे चार भाग लागतात. आणि आपलें सर्व काम तर दोन भागांच्या आंत उरकावयाचें आहे! अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील वॉर्केंटिन, थॉर्न वगैरे मंडळींनीं २००६ सालीं प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करतांना हें नीट मोजून दाखविलें. स्फटिक थेट नायट्रोजनांत बुडवितांना बहुतेक थंडी या वायूच्या थरांतच लागते, असें त्यांना आढळलें. आणि कोरड्या वायूच्या झोतानें तो थर उडवून लावतांच थंड होण्याचा वेग नायट्रोजनांतसुद्धां सेकंदाला पंधरा हजार अंशांच्या घरांत गेला. उपाय केवढासा, तर फुंकर! भाच्यानें यावरून दोन गोष्टी केल्या : वाटी कांठोकांठ भरण्याचा नियम घातला, आणि पेडल दाबण्यापूर्वीं एका बारीक नळीनें पृष्ठभागावरून कोरडा नायट्रोजन वायु सोडण्याची सोय केली. त्यानंतरच्या आठवड्यांत पहिली कांच मिळाली.

तिसरी अडचण ईथेनाच्या गोठण्याची. नायट्रोजनांत बसविलेली वाटी फार थंड झाली कीं ईथेन स्वतःच घट्ट होतो, आणि जाळी त्यावर आपटून वांकते. सारखी काडी घालून पाहावें लागतें. कॅलिफोर्नियांतल्या कॅल्टेक संस्थेंतील तिघांनीं २००८ सालीं यावर मोठा सोपा तोडगा सुचविला : ईथेनांत प्रोपेन मिसळावा. हें मिश्रण नायट्रोजनाइतकें थंड झालें तरी द्रवच राहतें. बर्फांत मीठ घातलें कीं तें शून्याखालीं जाऊनही पाझरत राहतें, हें आइस्क्रीमचें जुनें लांकडी पॉट फिरविलेल्या वाचकांस आठवत असेल. तसाच हा मामला. भाच्यानें अजून हा प्रयोग केलेला नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची असा त्याचा कटाक्ष आहे, आणि तो आम्हांस पटला.

टीपकागदाच्या नासाडीवरही उपाय निघाले आहेत. कॅनडांत टोरांटो येथील लहान मुलांच्या सुप्रसिद्ध इस्पितळाच्या संशोधन विभागांत जॉन रुबिनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं एका स्वस्त यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत थेंब टिपीतच नाहींत. जाळीच्या तारांवर तांब्याच्या संयुगाचे अतिसूक्ष्म केंस उगवलेले असतात. नमुना एका कंप पावणाऱ्या चकतीवरून तुषारांच्या रूपानें जाळीवर उडतो, जादा पाणी ते केंसच शोषून घेतात, आणि सेकंदाच्या कांहीं शतांशांत जाळी ईथेनांत पडते. घरांतली हवा दमट करणारीं छोटीं यंत्रें असतात, त्यांतही अशीच कंप पावणारी चकती धुकें काढते. या घाईचा आणखी एक लाभ आहे. पातळ पापुद्र्यांत प्रथिनें सारखीं पृष्ठभागावर जाऊन आदळतात आणि तेथें त्यांची घडी विसकटते. टिपण्याचे चार-पांच सेकंद वांचले कीं ही विसकट बरीच कमी होते. हें सर्व यंत्र कसें करावें याचे आराखडे व त्याच्या छोट्या संगणकाच्या आज्ञा त्या मंडळींनीं कोणालाही घेतां येतील अशा खुल्या ठेवल्या आहेत. असें औदार्य शास्त्रांत नवें नाहीं, पण तें दिसलें कीं बरें वाटतें.

वेगाचें महत्त्व केवळ स्फटिक टाळण्यापुरतें नाहीं, हें सांगण्यासाठीं एक जुना प्रयोग येथें देतों. १९७९ सालीं अमेरिकेंत जॉन ह्यूझर, टॉम रीझ वगैरेंनीं बेडकाचा स्नायु व त्याची मज्जा द्रव हेलियमानें थंड केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर आपटून गोठविली, आणि ती आपटण्यापूर्वीं सेकंदाच्या कांहीं सहस्रांश आधीं मज्जेला विजेचा झटका दिला. मज्जेच्या टोंकाशीं असलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटून संदेश बाहेर पडत असतांनाच त्या थिजल्या, आणि तो क्षण चित्रांत सांपडला. धांवत्या घोड्याचें छायाचित्र घ्यावें तसें जिवंत क्रियेचें छायाचित्र! हळू गोठविणारास तेथें घोडा गेल्यावरची धूळ दिसली असती.

आतां धोक्यांविषयीं दोन शब्द, कारण आमच्या वाचकांच्या घरीं उत्साही मुलें आहेत. हा खेळ घरीं करावयाचा नाहीं, केव्हांही नाहीं. एक लिटर द्रव नायट्रोजनापासून सुमारें सातशें लिटर वायु होतो; तो निरुपद्रवी दिसतो, त्याला वास नाहीं, रंग नाहीं, पण बंद खोलींत तो श्वासाची हवा हटवितो आणि माणूस कळण्याआधींच कोसळतो. ईथेन पेट घेणारा आहे. तो भरावयाचा तो धूर ओढून नेणाऱ्या कपाटांत, जवळ ठिणगी नसतांना. शिवाय द्रव ईथेनाचा थेंब बोटावर पडला तर नायट्रोजनाहून वाईट, कारण नायट्रोजनाभोंवतीं होणारा तो वाफेचा अंगरखा ईथेनाजवळ नाहीं. जो गुण जाळीला उपकारक, तोच कातडीला घातक. भाच्यानें यंत्राभोंवतीं पारदर्शक आडपडदा लावला आहे आणि खोलींत प्राणवायु मोजणारें घंटायंत्र टांगलें आहे. स्वस्त करावयाचें तें यंत्र, हें घंटायंत्र नव्हे, असें तो विद्यार्थ्यांना बजावतो.

नायट्रोजन मिळविण्यास आपल्याकडे अडचण पडत नाहीं, ही जमेची बाजू. याचें बरेंचसें श्रेय गाईम्हशींना आहे. पुण्याजवळ उरुळी कांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या बाएफ या संस्थेनें उत्तम वळूंचें बीज गोठवून गांवोगांव पोंचविलें, आणि त्यासाठीं द्रव नायट्रोजनाचीं भांडीं खेडोपाडीं ओळखीचीं झालीं. तें बीज गोठवितात तें ग्लिसरिनासारखा पदार्थ घालून, बेताच्या वेगानें. इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं १९४९ सालीं हा मार्ग दाखविला. ग्लिसरिन पाण्याला घट्ट, आळशी पाकासारखें करतें, म्हणून घाई कमी लागते. सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्याला हा मार्ग सोईचा नाहीं, कारण ग्लिसरिनामुळें प्रथिन आणि भोंवतालचा द्रव यांतला फरक पुसट होतो.

स्वस्त यंत्राची बढाई मारण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. महागड्या यंत्रांत दहा जाळ्या केल्या तर दहाही बऱ्याच अंशीं सारख्या होतात. भाच्याच्या यंत्रांत हात बसावा लागतो. उन्हाळ्यांत पुण्याची हवा इतकी कोरडी कीं पापुद्रा पाहतां पाहतां आटतो व क्षार दाटतात. म्हणून चिमट्याभोंवतीं ओल्या स्पंजाची पेटी बसवावी लागली. पावसाळ्यांत उलट. ईथेनावर हवेंतल्या बाष्पाचें हींव पडतें आणि जाळीवर बर्फाचे कण चिकटतात. शिवाय हें सर्व झाल्यावर पाहावयाचें कशांत? अतिथंड नमुने पाहणारे मोठे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोट्यवधि रुपयांचे. ते कांहीं तांबट आळींत घडत नाहींत. तेथें परगांवच्या संस्थेचाच आश्रय. पण फरक हा, कीं गोठलेली जाळी नायट्रोजनांत महिनोन्महिने टिकते. ती दोन दिवसांच्या प्रवासानें नासत नाहीं. ओलें प्रथिन घेऊन रात्रीच्या गाडीनें धांवण्याची पाळी पुन्हां येत नाहीं, एवढें त्या दोन सळयांनीं साधलें.

गेल्या महिन्यांत त्यानें बारा जाळ्या नायट्रोजनाच्या लहान कुंभांत घालून पाठविल्या. पांचांवर हींव पडलेलें निघालें. तिहींवर पापुद्रा जाड होता, दोहोंचा पडदा फाटला होता. उरलेल्या दोन जाळ्यांवर स्वच्छ, आरपार कांच होती, आणि तींत त्याचें प्रथिन कण-कण सुटें होतें, गुठळी नव्हती. तीं चित्रें त्यानें रविवारीं जेवणानंतर आम्हांस दाखविलीं. करड्या पार्श्वभूमीवर करडे ठिपके, याहून आमच्या डोळ्यांस कांहीं निराळें दिसलें नाहीं. नातीनें बराच वेळ निरखून पाहिलें आणि विचारलें, "यांत बर्फ कुठें आहे?" तो म्हणाला, "नाहीं ना दिसत? तेंच तर हवें होतें."

पुढच्या खेपेस चोवीस जाळ्या पाठवावयाच्या आहेत. तांबटाकडे दुसरी वाटी घडावयास टाकली आहे, या वेळीं थोडी रुंद.